शाकाहारी माणसाचं शिकारीचं लायसन्स

"ताई, पोलीस बंदूक घेऊन गेले," मीनल फोनवर म्हणाली. "तिच्यावर हळदकुंकू होतं. श्रीकांत म्हणाला, पुसून देतो, तर हातसुद्धा लावू दिला नाही."

शनिवारची दुपार होती आणि सिएटलच्या आमच्या ऑफिसात मी एकटीच टाइप करत बसले होते. मी हातातलं काम बाजूला सारलं.

"श्रीकांतला नेलं का?"

"नाही. एक कागद दिला. कोर्टात या म्हणून."

"त्यानं सही केली?"

"केली ना. पोलीस म्हणाला, इथे सही करा."

"आणि काही बोलला?"

"ताई, तो बराच बोलला."

वकिलाला याच वाक्याची सगळ्यात जास्त धास्ती असते. मी म्हटलं, "आता अजिबात कोणाशी बोलू नका, मी येते." आणि कोट घालून निघाले.

ही गोष्ट ऐंशीच्या दशकाच्या मध्यावरची. मी इमिग्रेशनची वकील. पुण्याची एलएलबी इथे चालत नाही हे कळल्यावर दोन मुलं सांभाळून पुन्हा लॉ स्कूल केलं, आणि वॉल्टर नावाच्या एका म्हाताऱ्या वकिलाच्या ऑफिसात लागले. आपल्या लोकांची व्हिसाची, ग्रीन कार्डाची कामं माझ्याकडे यायची. रेडमंडला राहणारा श्रीकांत देशकर, मीनलचा नवरा, त्यांतलाच एक. मूळचा नागपूरचा, मेकॅनिकल इंजिनीयर, बोलायला भिडस्त. ग्रीन कार्ड होऊन पाच वर्षं उलटली होती, म्हणून मी त्याचा सिटिझनशिपचा अर्ज भरला होता आणि इंटरव्ह्यूची तारीखही आली होती.

त्याला ही सिटिझनशिप पासपोर्टाच्या हौसेसाठी नको होती. नागपुरात त्याची आई एकटी होती. वडील गेलेले, हा एकुलता एक, आणि आईला काचबिंदू. एक डोळा जवळजवळ गेला होता. ग्रीन कार्डवाल्याला बायकोमुलांना बोलावता येतं, आईवडिलांना नाही. तो हक्क फक्त सिटिझनचा. म्हणून श्रीकांत त्या इंटरव्ह्यूकडे डोळे लावून बसला होता. तळ्यावरचा लांबच लांब पूल ओलांडताना माझ्या डोक्यात एवढंच होतं, की बंदुकीच्या गुन्ह्याची नोंद झाली तर तो अर्ज बोंबलला.

देशकरांकडे पोचले तेव्हा पाहुणे पांगले होते. दिवाणखान्यात पाट तसाच होता, भोवती रांगोळी, वर कात्री-स्क्रूड्रायव्हर, झेंडूची फुलं, आणि मधली लांबट जागा रिकामी. नागपूरहून आलेली मीनलची सुलूमावशी सोफ्यावर बसून होती. तिनं मला पाहिल्याबरोबर शिऱ्याची वाटी पुढे केली. मी म्हटलं, "मावशी, आधी झालं काय ते कळू दे." तरी वाटी हातात आलीच.

झालं होतं ते असं. इथे तिथी कुठलीही असो, सण शनिवारी होतो. त्यामुळे खंडेनवमी त्या दिवशी धरली होती. श्रीकांत कॉलेजात असताना विद्यापीठाच्या नेमबाजीच्या टीममध्ये होता. इथे आल्यावर त्यानं पॉइंट टू-टूची एक रायफल घेतली होती आणि सुटीच्या दिवशी क्लबात जाऊन कागदाच्या चकत्यांवर नेम धरायचा. घरच्या शस्त्रपूजेला आता खरंखुरं शस्त्र आहे, म्हणून चार घरं जेवायला बोलावली. गाड्यांचीही पूजा करायची होती, म्हणून सगळ्यांनी त्या रस्त्याकडेला ओळीनं लावल्या. शेजाऱ्याची गाडी अडली. त्यानं पोलिसांना फोन केला. पोलीस आला तो गाड्या हलवायला सांगायला. दार सताड उघडं होतं आणि आत पाटावर फुलं वाहिलेली रायफल.

"त्यानं विचारलं, व्हॉट्स गोइंग ऑन हिअर?" श्रीकांत खाली मान घालून सांगत होता. "मी म्हटलं, आज आमचा सण आहे."

"इथवर ठीक आहे."

"मग त्यानं विचारलं, कसला सण? मी म्हटलं, टुडे वुई वर्शिप वेपन्स."

मी कपाळाला हात लावला.

"ताई, शस्त्रपूजेला दुसरं काय म्हणणार इंग्रजीत?" मीनल नवऱ्याच्या मदतीला धावली. "शस्त्र म्हणजे वेपन, पूजा म्हणजे वर्शिप."

भाषांतर अचूक होतं, त्यात वाद नाही. पण त्या सुमारास शेजारच्या राज्यातल्या एका भारतीय गुरूच्या आश्रमाच्या बातम्या टीव्हीवर रोज चालू होत्या. तिथल्या भगव्या कपड्यांच्या आणि तिथल्या पहाऱ्यावरच्या बंदुकांच्या. त्या वेळी एका भारतीय घरात पंधरावीस माणसं जमलेली, मधे रायफल, आणि घरमालक हसून सांगतोय की आम्ही शस्त्रांची पूजा करतो. पोलिसाला काय वाटलं असेल ते मला तिथे बसल्या बसल्या कळत होतं.

"मग त्यानं विचारलं, आर यू अ सिटिझन?" श्रीकांत म्हणाला. "मी खरं ते सांगितलं, नाही, परमनंट रेसिडेंट. तर म्हणाला, लायसन्स दाखवा. मी दाखवलं."

"तुझ्याकडे लायसन्स आहे?" मला हायसं वाटलं.

त्यानं पाकिटातून प्लॅस्टिकमध्ये घातलेलं एक कार्ड काढून माझ्या हातात दिलं. ते शिकारीचं लायसन्स होतं. हरणं मारायचं. श्रीकांत देशकर अंडंसुद्धा खात नाही.

"हे कशाला काढलंस?"

"दुकानात रायफल घेताना मी विचारलं, याला लायसन्स लागतं ना? दुकानदार म्हणाला, इथे कोणालाच लागत नाही. मला पटेना. बंदूक आणि कागद नाही, असं कसं होईल? नागपुरात बाबांच्या बारा बोअरसाठी कलेक्टर कचेरीत किती खेटे घातले होते आम्ही. मी पुन्हा विचारलं. मग परत विचारलं. शेवटी तो वैतागला आणि म्हणाला, तुला लायसन्सच हवं असेल तर हंटिंग लायसन्स घे. मी घेतलं. दर वर्षी रिन्यू करतो."

मला हसावं की रडावं कळेना. कायदा पाळायची इतकी हौस असलेला माणूस चुकीचा कागद जपून ठेवतो आणि बरोबर कागदाचं नावही त्याला ठाऊक नसतं. आणि हे आपल्याच माणसाच्या हातून होऊ शकतं. कागदाशिवाय बंदूक मिळाली तर इथला माणूस खूश होतो. आपल्या माणसाला झोप येत नाही.

आता तो बरोबर कागद कुठला, ते सांगते. देशभराच्या फेडरल कायद्याप्रमाणे ग्रीन कार्डवाल्याला रायफल विकत घेता येत होती, त्यामुळे दुकानदारानं विकली यात काही चूक नव्हती. पण प्रत्येक राज्याचे स्वतःचे कायदेही असतात. आमच्या वॉशिंग्टन राज्यात फार जुना एक कायदा होता, की जो सिटिझन नाही त्यानं बंदूक जवळ ठेवायची तर राज्याचं वेगळं लायसन्स घ्यायचं. त्याला एलियन फायरआर्म लायसन्स म्हणायचे. एलियन म्हणजे परदेशी नागरिक, मग तो कायदेशीर राहत असो की कसाही. शिकारीच्या लायसन्सचा याच्याशी संबंध नाही. ते हरणासाठी, हे बंदुकीसाठी. हा कायदा दुकानदारांना माहीत नव्हता, बहुतेक पोलिसांनाही नव्हता. पण आलेला ऑफिसर लुंड हा कॅनडाच्या सीमेजवळच्या गावात वाढलेला. तिकडे शिकारीला येणाऱ्या परदेशी लोकांना कागद विचारण्यात त्याच्या नोकरीची पहिली वर्षं गेली होती. आमच्या नशिबी तोच आला.

त्यानं दिला होता तो कागद म्हणजे सायटेशन, अटक न करता कोर्टात हजर राहायची नोटीस. गुन्हा किरकोळ होता. तारीख सिटिझनशिपच्या इंटरव्ह्यूच्या आठवडाभर आधीची.

सोमवारी मी वॉल्टरला सगळं सांगितलं. तो खुर्चीत मागे रेलून म्हणाला, "गिल्टी म्हणून टाक. थोडा दंड होईल. अर्ध्या तासाचं काम."

"वॉल्टर, हा तुझा क्लायंट असता तर अर्ध्या तासाचं होतं. माझा सिटिझन नाहीये. गिल्टी म्हटलं की कन्व्हिक्शन. त्यानंतरच्या आठवड्यात इमिग्रेशनचा ऑफिसर विचारणार, कधी गुन्हा शाबीत झालाय? हा म्हणणार, हो, बंदुकीचा. अर्ज फेटाळला तर पुन्हा काही वर्षं थांबा. त्याची आई थांबणार नाही, तिचे डोळे तर नाहीच नाहीत."

वॉल्टरनं चष्मा काढून पुसला. "मग लायसन्स आत्ता काढून दाखव. सरकारी वकिलांना उशिरा का होईना, कागद दिसला की बरं वाटतं."

सल्ला चांगला होता. मी राज्याच्या लायसन्सिंग खात्याला फोन केला. तिथल्या बाईंनी फार अगत्यानं माहिती दिली. अर्ज करा, बोटांचे ठसे द्या, आणि तुमच्या देशाच्या कॉन्सलचं सर्टिफिकेट जोडा की हा माणूस जबाबदार आहे. इथवर मी लिहून घेत होते. मग त्या म्हणाल्या, "कॉन्सल या राज्यात राहणारा हवा. कायद्यात तसे शब्द आहेत."

कॉन्सल म्हणजे परदेशात राहून आपल्या देशाच्या लोकांची कामं बघणारा सरकारी अधिकारी. वॉशिंग्टन राज्यात त्या वेळी भारताचा कॉन्सल नव्हता. आपली सगळ्यात जवळची कचेरी विमानानं जायच्या अंतरावर, दुसऱ्या राज्यात.

"मग भारतीय माणसानं काय करायचं?" मी विचारलं.

"हा प्रश्न मला आजपर्यंत कोणी विचारला नाही," त्या म्हणाल्या. खरंच नसेल विचारला.

तरी मी आपल्या कचेरीत फोन लावला. तिथले अधिकारी मराठी निघाले, सोलापूरकडचे. शांतपणे सगळं ऐकून घेतलं.

"मॅडम, हा माणूस जबाबदार आहे, असं मी लिहीन हो. मला त्यात काय आहे. पण मी राहतो इथे. माझं सर्टिफिकेट ते घेतील का?"

"नाही घेणार."

"मग तुम्हाला लिहून देऊन मी तुम्हाला खोटी आशा का लावू?"

माणूस बरोबर बोलत होता. मी फोन ठेवला आणि कायद्याचं ते कलम पुन्हा वाचलं. राज्यात ज्या देशाचा कॉन्सल राहतो, त्या देशाच्या माणसाला लायसन्स मिळणार. ज्याचा राहत नाही, त्याला कधीच मिळणार नाही. वर आणखी गंमत, कॅनडातून शिकारीला किंवा नेमबाजीच्या स्पर्धेला आलेल्यांना या सगळ्यातून सूट. सकाळी सीमा ओलांडून आलेला माणूस रायफल घेऊन फिरू शकतो, आणि इथे घर करून राहिलेला श्रीकांत ती घरात ठेवू शकत नाही. मला मनापासून राग आला. पण हातात भांडायला मुद्दा आला म्हणून बरंही वाटलं.

कोर्टाच्या तारखेआधी मी प्रोसिक्युटरची, म्हणजे सरकारी वकिलाची वेळ मागितली. आदल्या संध्याकाळी तयारीसाठी देशकरांकडे गेले. काय विचारतील, किती बोलायचं, सगळं श्रीकांतला समजावलं. मुख्य म्हणजे किती बोलायचं नाही ते. तो मान हलवत होता. म्हणाला, "ताई, आईचा फोन आला होता. विचारत होती, इंटरव्ह्यूला कुठला शर्ट घालणार. मी तिला काही सांगितलेलं नाही."

तेवढ्यात सुलूमावशी स्वयंपाकघरातून म्हणाली, "अगं, तो पोलीस वाईट नव्हता गं. मी त्याच्या गाडीला कुंकू लावलं तेव्हा काही म्हणालासुद्धा नाही."

मी जागच्या जागी वळले. "मावशी, कोणाच्या गाडीला?"

"पोलिसाच्या. ओळीतच उभी होती ना. सगळ्या गाड्यांना हळदकुंकू, फूल. तिला एकटीला कशी वगळायची? आणि त्याचं तर पोटच तिच्यावर."

"त्यानं पाहिलं?"

"पाहिलं की. बंदूक घेऊन बाहेर आला तेव्हा मी झेंडू ठेवतच होते. त्याला म्हटलं, तुमचीपण. पेढा दिला. खाल्ला त्यानं."

मीनल भिंतीला टेकून उभी होती. "ताई, मी मुद्दाम सांगितलं नाही. सरकारी गाडीला रंग लावला म्हणून अजून एक केस करतील, असं वाटलं."

भीती खोटी नव्हती. पोलिसाच्या गाडीला हात लावणं हे इथे हसण्यावारी नेत नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मी वॉल्टरला विचारलं, हे सांगू की दडवू. तो खो खो हसला, मग गंभीर झाला.

"रिपोर्टमध्ये आहे का?"

"नाही. एक अक्षर नाही."

"म्हणजे पोलिसाला लाज वाटली. प्रोसिक्युटरसमोर तू त्याचं हसं केलंस, तर तो इरेला पेटेल आणि तुझा क्लायंट संपला. आणि नाही सांगितलंस, तर त्या रिपोर्टातलं शस्त्रपूजेचं वाक्य तसंच राहील. निवड तुझी."

प्रोसिक्युटर डोनेली हा पन्नाशीचा, थकलेला, पण सभ्य माणूस होता. समोर ऑफिसर लुंडचा रिपोर्ट. मी कॉन्सलचा मुद्दा मांडला, खात्याच्या बाईंचं म्हणणं सांगितलं. न मिळणारं लायसन्स नाही म्हणून माणसाला गुन्हेगार कसं ठरवता, असं विचारलं.

"लायसन्स मिळत नसेल तर बंदूक ठेवायची नाही," डोनेली म्हणाला. "सोपं आहे."

"एका देशाच्या माणसाला मिळतं आणि दुसऱ्या देशाच्या माणसाला मिळूच शकत नाही. हे घटनेत बसत नाही. मी अपील करीन."

"कर. कदाचित जिंकशील. कधी जिंकशील? त्याचा इंटरव्ह्यू पुढच्या आठवड्यात आहे ना?"

त्याला माहीत होतं. मुद्दा माझ्याकडे होता आणि वेळ त्याच्याकडे. शेजारी श्रीकांत कडक इस्त्रीचा शर्ट घालून, बोटं एकमेकांत अडकवून बसला होता.

"खरं सांगू?" डोनेलीनं रिपोर्ट पुढे सरकवला. "मला हा कायदाही फारसा आवडत नाही. मला नडतंय ते हे वाक्य. जमाव शस्त्रांची पूजा करत होता, असं त्यानं स्वतः सांगितलं. शिकारीचं लायसन्स आहे. काय मारतो हा?"

"कागद," मी म्हटलं. "तो शाकाहारी आहे."

"म्हणजे शिकार न करणारा माणूस शिकारीचं लायसन्स बाळगतो, घरात माणसं जमवतो आणि बंदुकीला फुलं वाहतो. उद्या मी ही केस सोडली आणि परवा काही झालं, तर पेपरात माझं नाव येईल. तुमच्या त्या आश्रमवाल्यांचं चाललंय ते बघतेस ना तू?"

आमचा त्या आश्रमाशी काही संबंध नाही, हे ओठांवर आलं होतं. पण संबंध नाही असं म्हणणारा माणूस नेहमीच संशयित वाटतो. मी म्हटलं, "ऑफिसर लुंडना दोन प्रश्न विचारायचे आहेत. तुमच्यासमोरच."

लुंड त्या दिवशी दुसऱ्या कामासाठी त्याच इमारतीत होता. डोनेलीनं त्याला वर बोलावलं. आला तो उंचापुरा, लाल गालांचा तरुण माणूस, टोपी हातात धरून. श्रीकांतकडे बघून त्यानं मान हलवली. मी ठरवलं, त्याला कोंडीत पकडल्यासारखं काही विचारायचं नाही. घरातल्या माणसाला विचारावं तसं विचारायचं.

"ऑफिसर, त्या पाटावर रायफलशिवाय काय होतं, आठवतं?"

त्यानं विचार केला. "हो, मॅम. कात्री होती. स्पॅनर, स्क्रूड्रायव्हर. बाजूला शिवणाचं मशीन. एक पट्टी होती, सरकणारी."

"स्लाइड रूल, हिशेबाची," श्रीकांत न राहवून म्हणाला. मी त्याच्या पायावर पाय दिला.

"त्यांच्यावरही फुलं होती?"

"सगळ्यांवर होती, मॅम."

"आणि घराबाहेर कशाला फुलं वाहिली होती?"

लुंड टोपीची कड फिरवत राहिला. त्याचे मूळचे लाल गाल आणखी लाल झाले. मला वाटलं, संपलं. हा आता म्हणणार, आठवत नाही.

"गाड्यांना, मॅम," तो म्हणाला.

"कुठल्या गाड्यांना?"

"सगळ्या." तो डोनेलीकडे वळला. "सर, माझ्या गस्तीच्या गाडीलापण. त्यांच्या घरातल्या आजीबाईंनी बॉनेटवर लाल पावडर लावली आणि फूल ठेवलं."

डोनेलीनं रिपोर्टाची पानं उलटून पाहिली. "हे यात नाही."

"नाही, सर. त्याला काय म्हणायचं ते मला कळलं नाही."

"तू त्यांना थांबवलं नाहीस?"

"त्यांनी हात जोडले होते, सर. माझ्या गाडीला. आठ वर्षांच्या नोकरीत माझ्या गाडीशी कोणी इतकं चांगलं वागलेलं नाही."

डोनेली माझ्याकडे वळला. "म्हणजे हे लोक नक्की कशाची पूजा करतात?"

"ज्याच्यावर आपलं चालतं, त्याची," मी म्हटलं. "शिंप्यानं मशीनची, इंजिनीयरनं हत्यारांची. वर्षातून एकदा त्या वस्तूला हात जोडायचे. तुमच्याकडे असते तर त्यांनी तुमच्या टाइपरायटरला कुंकू लावलं असतं. वर्शिप हा शब्द चुकला, एवढाच काय तो अपराध."

"मग थँक म्हणायचं होतं."

"त्याला शाळेत पूजा म्हणजे वर्शिप असंच शिकवलं. मलाही तसंच शिकवलंय."

डोनेलीनं लुंडला जायला सांगितलं. मग पेन उघडून रिपोर्टाच्या कडेला काहीतरी लिहिलं आणि अट घातली. रायफल श्रीकांतला परत मिळणार नाही. क्लबमधला कोणी सिटिझन ती स्वतःच्या नावावर घेईल आणि स्वतःकडे ठेवील. हा सिटिझन होईपर्यंत तिला हात लावायचा नाही. हे कबूल असेल तर चार्ज मागे. मी श्रीकांतकडे पाहिलं. त्यानं मान हलवली. बाहेर जिन्यात आल्यावर तो पायरीवरच बसला आणि चेहरा झाकून रडला. मी शेजारी उभी राहिले.

इंटरव्ह्यूत ही भानगड लपवून चालणार नव्हती. सायटेशन मिळालं होतं का, या प्रश्नाला हो म्हणायचं आणि चार्ज मागे घेतल्याचा कोर्टाचा कागद पुढे करायचा, असं मी त्याला बजावलं होतं. त्यानं तसंच केलं. ऑफिसरनं कागद दोनदा वाचला, बंदूक आता कुठे आहे ते विचारलं, आणि शिक्का मारला.

शपथविधी हिवाळ्याच्या शेवटाला झाला. बाहेर पाऊस पडत होता. शपथ घेऊन श्रीकांत कॉरिडॉरमध्ये आला, हातात कागदी झेंडा.

"ताई, आता रायफलला कुठला कागद लागतो?"

"कुठलाच नाही."

"सकाळी लागत होता."

"हो."

"मी तर तोच आहे."

"कायद्याच्या हिशेबानं नाहीस," मी म्हटलं, आणि आईसाठीचा अर्ज पर्समधून काढून त्याच्यापुढे धरला. तो मी आदल्या दिवशीच टाइप करून ठेवला होता. नुसती सही राहिली होती. तिथल्याच बाकावर बसून त्यानं सही करायला घेतली. विद्यापीठाच्या टीममधला नेमबाज, पण पेन कागदावर टेकवता येईना इतका हात कापत होता. मी अर्ज दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवला, तेव्हा कुठे सही झाली.

आई पुढच्या उन्हाळ्यात आली. एक डोळा गेला होता, दुसऱ्यानं मुलाचा चेहरा दिसण्याइतकं दिसत होतं. इथल्या डॉक्टरांनी तो डोळा वाचवला.

मी अजूनही प्रॅक्टिस करते. नवीन आलेली मुलं फोन करून विचारतात, मॅम, या देशात हे चालतं का, ते चालतं का. मी त्यांना म्हणते, या देशात काय चालतं ते दुकानदारालाही माहीत असतं. तुमच्याजवळच्या कागदावर काय चालतं, एवढंच मला विचारा.